एकदाच विचारणारी मुलगी

लखनौमध्ये पाहुण्याने आधी नको म्हणायचं आणि यजमानाने ते मुळीच ऐकायचं नाही, अशी रीत. आम्ही सोलापूरकडचे लोकही आग्रहात मागे नाही, त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीपायी विकास नगरात आल्यावर मी लगेच रुळले. माझी लेक मात्र नाही. ती ऑटिस्टिक आहे. कुणी नको म्हटलं की तिच्या लेखी विषय संपतो.

ती अकरा-बारा वर्षांची असताना शेजारच्या आंटी चहाला आल्या. लेकीने पुरणपोळी पुढे केली. आंटी सवयीने "बस बेटा, बस" म्हणाल्या आणि लेक ताट घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. मी तुपाची वाटी घेऊन धावले, माफी मागितली, ऑटिझमबद्दल सांगितलं. आंटी हसल्या, पण निघताना म्हणाल्याच, की बच्ची जरा रूखी, कोरडी आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रूखी म्हणे! पण रागाखाली भीती होती. माझ्याखेरीज हिला कोण आपलं म्हणणार?

त्या हिवाळ्यात आंटींचे यजमान गेले. घर माणसांनी भरलं. जो तो दोन घास खा म्हणून त्यांच्या मागे लागलेला, त्यात मीही होते. त्या मान हलवत होत्या आणि आम्ही कुणी ऐकत नव्हतो. शेवटी मी चहा टाकायला गेले आणि खिचडीचं ताट लेकीकडे दिलं.

"खाना है?" तिने जमिनीकडे बघत विचारलं.

"नहीं."

तिने ताट झाकून ठेवलं आणि आंटींशेजारी भिंतीला टेकून बसली. ना बोलली, ना रडली. आंटींची जाऊ पुटपुटली, की या मुलीला काही वाटतं तरी का. मी शरमून लेकीला उठवायला गेले, तर आंटींनी मला हातानेच थांबवलं.

"सुबह से बस इसी ने मेरी बात सुनी है."

संध्याकाळी त्यांनी आपणहून ताट मागितलं.

घरी येताना मी लेकीला विचारलं, तुला वाईट वाटलं का. "हाँ, बहुत," ती म्हणाली. "पर वो मना कर रही थीं ना."

तेरावं झाल्यावर एका दुपारी आंटी दारात उभ्या होत्या. मी बसा म्हटलं, चहा टाकते म्हटलं.

"चाय रहने दो. मैं बिटिया के पास बैठने आई हूँ."

मी चहा टाकला नाही. स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.