म्हसोबाच्या हद्दीतलं झाड

थोरला भाऊ गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी, भाकरी थापता थापता वहिनी म्हणाली, "भावजी, पट्टीत गांजा लावला तर?"

माझ्या हातातला घास ताटात पडला. घरात कुणी विडीसुद्धा ओढत नव्हतं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. चहा जास्त झाला तरी त्याला ते व्यसन म्हणायचे. आणि ही पांढऱ्या कपाळाची बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी, गांजा लावायचं म्हणते!

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सरकार परवाना देतं म्हनं. काष्टीच्या बाजारात ऐकलं. तुमी एवढी शेतकी शाळा शिकून आलाय, जरा इचारून तर बघा."

विचारलं, तर खरंच होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या काळातली ही गोष्ट. परवाना काढायचा, मोजून दिलेल्या रानात लावायचा, आणि पान न् पान सरकारी गोदामात जमा करायचं. सरकार एका हातानं दारूबंदी करतं आणि दुसऱ्या हातानं गांजाच्या कागदावर शिक्का मारतं, हे पाहून मी चाटच पडलो. वहिनीला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. सरकार म्हणजे असंच असायचं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

विहिरीखालची सव्वा एकराची पट्टी भावाच्या मागं तिच्या नावावर लागली होती. ती आपल्या वहिवाटीत घ्यायची, असं आबांच्या मनात केव्हाचं होतं. गांजाचं नाव काढताच ते तीनताड उडाले. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बसून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "एक साल करून बघ. माल पास झाला तर पट्टी तुझी, मी बांधावर पाय ठेवायचा न्हाई. न्हाई झाला तर पट्टी माझ्या नांगराखाली आन् तू चुलीपाशी. मग पुन्ना तक्रार नगं."

"व्हय," वहिनी म्हणाली. एवढंच.

परवान्याची खटपट मी केली. त्याच सुमारास मी ग्रामसेवकाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आलो होतो आणि हुकमाची वाट बघत होतो, त्यामुळे सरकारी कचेऱ्यांत उगाचच ऐटीत फिरायचो. परवाना वहिनीच्या नावानं आला. गाव नुसतं आ वासून बघत राहिलं. "आता गोसाव्यांची रांग लागंल तुमच्या दारात," असं पारावरचे लोक मला ऐकवायचे. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मलाही पटायचं.

पीक शिकवायला शेजारच्या गावचा एक म्हातारा आला. त्यानं उमेदीत परवान्याचा गांजा पिकवला होता. पीक गुडघ्याच्या वर आल्यावर त्यानं आम्हाला सरीत उभं केलं आणि सांगितलं की यात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. नर फुलला आणि त्याची धूळ मादीवर पडली, की मादी बी धरते. बी धरलेला माल सरकार घेत नाही.

"नर दिसला की उपटायचा. मागंफुडं बघायचं न्हाई," तो म्हणाला. निंदायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून खिदळल्या. माझे कान तापले. वहिनी हसली नाही. ती खाली वाकून, झाडाच्या बेचक्यात बोट घालून बघत होती.

पुढं तीन आठवडे ती तशीच वाकलेली होती. दिवस उगवला की सरीत, मावळला की घरी. हाताला काळा चिकट थर बसायचा, तो गोडंतेल चोळून राखेनं काढावा लागे. दर झाड पारखायची. नर दिसला की मुळासकट उपटून, पदरानं झाकून, रानाबाहेर नेऊन पुरायची. पहिल्याच दिवशी तिनं कामं वाटून टाकली होती. "आतल्या सऱ्या माझ्या. भावजी, चारी बांध तुमचे."

पश्चिमेच्या बांधावर आमचा म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला धोंडा आणि भोवती चार हाताची जागा. त्या जागेत नांगर जात नाही, विळा चालत नाही. तिथं उगवेल ते म्हसोबाचं. पेरताना पाभर वळवतेवेळी चाड्यातलं बी सांडलं असणार, कारण धोंड्याला लागून गांजाचं एक झाड वर आलं होतं. मी रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी घालायचो. नोकरीचा हुकूम यावा म्हणून नवस बोललो होतो मी म्हसोबाला. त्या पाण्यावर झाड माझ्या छातीएवढं झालं.

ते नराचं होतं. मला ते दिसलं होतं, हे आज लपवण्यात अर्थ नाही. परागीभवनाचा धडा मला तोंडपाठ होता, परीक्षेत त्याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते. आणि मी हात जोडून, त्या झाडाला पाणी घालून, घरी येत होतो. एकच तर झाड, तेही रानाबाहेर, आणि म्हसोबाचं. त्याला हात लावून ऐन हुकमाच्या तोंडावर देवाचा कोप कोण ओढवून घेईल? एकदा सदऱ्याच्या खांद्यावर पिवळी धूळ दिसली. मी ती झटकली आणि न्याहारीला बसलो.

पौषात अबकारी खात्याचे साहेब उभं पीक तपासायला आले. गावातले दोन पंच, आबा, मी, वहिनी, सगळे रानात होतो. साहेबांनी एक तुरा खुडून तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. हातावर बी राहिलं. एक नाही, चांगलं चिमूटभर.

वहिनीनं ते बी त्यांच्या हातावरून उचललं, निरखून बघितलं आणि सरीत शिरली. एक तुरा चोळला. दुसरा चोळला. मग पळायलाच लागली. या सरीतून त्या सरीत, ओंजळीत बी घेऊन, पदर खांद्यावर पडलेला. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. कुठून आलं बी, हे त्या क्षणी तिथं फक्त मला माहीत होतं.

साहेबांनाही शोधायला वेळ लागला नाही. वारा कुठला ते बघून ते सरळ पश्चिमेच्या बांधावर गेले, पायातले बूट काढले, म्हसोबाला हात जोडले आणि झाडाकडं बोट केलं. "हे कुणी ठेवलं?"

"म्हसोबाचं हाय साहेब. त्याला हात कोन लावील?" एक पंच म्हणाला.

"पंचनाम्यात देवाचं नाव कसं लिहू मी?" साहेब वैतागले. पण माणूस भला होता. वहिनीकडं बघून त्यांनी सांगितलं, "बाई, हा माल जाळावा लागेल, त्याला इलाज नाही. पण बांधाचं काम दुसऱ्या कुणाकडं असेल तर त्याचं नाव सांगा. त्याच्या हयगयीची नोंद करतो. परवाना तुमच्याकडं राहील, पुढल्या साली परत लावा."

आबा वहिनीकडं बघायला लागले. माल गेला तरी परवाना राहिला, तर पुढच्या सालाचं आबांशी काहीतरी बोलता आलं असतं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण गांजाच्या पंचनाम्यात नाव आलेल्या माणसाला ग्रामसेवक कोण करणार, हे माझ्या डोक्यात आलं आणि जीभ उचललीच नाही.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. रोज सकाळी तांब्या घेऊन कोण जातं, हे तिला ठाऊक होतं. माझ्या हुकमाचंही ठाऊक होतं.

"बांध बी माझाच हुता, साहेब," ती म्हणाली. "माझ्याच हातनं ऱ्हायलं."

मी हादरलो. आजही ते वाक्य आठवलं की तसाच हादरतो. त्या एका वाक्यानं परवाना जाणार होता, पट्टी आबांच्या नांगराखाली जाणार होती, आणि तिला ते समजत नव्हतं असं मुळीच नाही. मला अजूनही बोलता आलं असतं. साहेब जीपमधून कागद काढेपर्यंत भरपूर वेळ होता.

त्यांचा कारकून त्या दिवशी आला नव्हता. साहेबांनी विचारलं, "इथं लिहिता येणारं कोण आहे?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बांधावर बसलो, कागद मांडीवर घेतला. साहेब वहिनीचा जबाब सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. नराचे झाड माझ्या स्वतःच्या हयगयीने राहिले, त्यास अन्य कोणीही जबाबदार नाही. लिहून झाल्यावर सर्वांना वाचून दाखवलं. आवाज कापलासुद्धा नाही माझा. मग वहिनीचा डावा अंगठा धरला, त्यावरचा काळा चिकट थर माझ्या धोतराच्या सोग्यानं पुसला, शाई लावली आणि तो कागदावर टेकवला.