पिटातली जागा

ड्रॅग रेस दहा-पंधरा सेकंदांत संपते. चारशे मीटरचा सरळ रस्ता, दोन गाड्या आणि हिरवा दिवा. बाकीचा सगळा दिवस पिटात जातो, म्हणजे गाड्या उभ्या करून त्यांची कामं करतात त्या जागेत. जागा सुरुवातीच्या रेषेजवळ मिळाली तर ठीक, नाहीतर प्रत्येक धावेआधी बंद गाडी उन्हात ढकलत आणायची. मोठ्या स्पर्धेत आमच्यासारख्या हौशी लोकांचा निम्मा जीव त्यातच जातो.

मी फुलंब्रीचा. शहरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. गाडीचं वेड मला चाचांनी लावलं. चाचा मूळचे खुलताबादचे, शहरात त्यांचं छोटं गॅरेज होतं. माझी जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आम्ही दोघांनी तीन वर्षं रविवारी रविवारी बसून तयार केली. गुडघ्यामुळं त्यांना खाली बसता यायचं नाही, म्हणून ते स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायचो. कान मात्र असा की रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा आवाज ऐकून आतल्या स्पार्क प्लगचा रंग, म्हणजे पेट्रोल कमी जळतंय की जास्त, ते सांगायचे.

शहराबाहेर नव्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर मोठी स्पर्धा ठरली. पहिला येईल त्याला जागा, असं कळवलं होतं. आम्ही उजाडताच छोट्या टेम्पोत गाडी घालून पोचलो. रेषेजवळ एका लिंबाखाली जागा मिळाली. चाचांनी ताडपत्री अंथरली, हत्यारं ओळीनं मांडली आणि थर्मासमधला चहा ओतला. लई खूश होते.

आठ वाजता मोठे ट्रक आले. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस यादी घेऊन आला. म्हणाला, "ही रांग टीमसाठी आहे. तुम्ही मागं जा, पाण्याच्या टँकरपाशी."

"आम्ही सकाळपासून इथं आहोत," मी म्हटलं.

"व्हय, पण यादीत तुमचं नाव मागं आहे."

टँकर पार लांब होता, तिथून रेषा दिसतही नव्हती. मी वाद घालत राहिलो. तेवढ्यात शेजारी तंबू ठोकणाऱ्या टीमचा मालक म्हणाला, "गाडी आमच्या तंबूच्या कोपऱ्यात लाव. पण एक गाडी, एक माणूस. टेम्पो आणि बाकीचं सामान नको."

मी चाचांकडं पाहिलं. ते हत्यारं गोळा करायला लागले होते. "तू इधरच रुक बेटा," ते म्हणाले. "माझं काय, मी टेम्पोपाशी बसतो. लागलं तर फोन कर."

मी नको म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं.

सकाळची धाव चांगली झाली. दुपारी हवा तापली आणि गाडी वरच्या वेगाला गुदमरायला लागली. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, बदलायला हवा होता. चाचांना फोन लावला, पण एवढ्या गर्दीत नेटवर्क नव्हतं. गाडी ढकलत मागं नेली असती तर रांगेतला नंबर गेला असता. टीमचा मेकॅनिक म्हणाला, "दे, मी बघतो." त्यानं स्वतःजवळचा लहान जेट टाकला.

रेषेवर गाडी लावताना मला चाचा दिसले. प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी उभे होते. एका हातात हत्यारांची पेटी, शर्ट घामानं भिजलेला. सुरक्षारक्षकाला काहीतरी समजावत होते आणि तो मान हलवत होता. मी हात केला असता, एक शब्द बोललो असतो, तर त्यानं सोडलं असतं. पण माझा नंबर आला होता, आणि तंबूतले सगळे माझ्याकडं पाहत होते. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ लागली. तंबूतल्या लोकांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी टँकरपाशी गेलो, तर चाचा टेम्पोच्या पायरीवर गुडघा चोळत बसले होते. वेळ सांगितली. "माशाल्ला," म्हणाले. मग विचारलं, "जेट कौनसा डाला?"

मी नंबर सांगितला.

त्यांनी मान डोलावली. "मीपण तोच घेऊन आलो होतो. आवाज इथवर येत होता ना."

"तुम्ही आला होता?" मी विचारलं. हे मी खरंच विचारलं, जणू पाहिलंच नव्हतं.

"आलो होतो. सोडलं नाय त्यांनी."

परतीच्या वाटेवर ते स्पर्धेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. घाटातल्या बांधकामाबद्दल आणि नातीच्या शाळेबद्दल बोलले.

पुढच्या स्पर्धेला बोलवायला गेलो तेव्हा म्हणाले, "गुडघा नाय म्हणतो बेटा, तू जा." मी एकटाच गेलो, आणि आपणहून टँकरपाशी जागा मागितली. दोनच धावा केल्या आणि दुपारीच गाडी टेम्पोत चढवली.

आता गॅरेज बंद आहे. चाचा खुलताबादला मुलाकडं असतात. मी दोन-तीन महिन्यांनी जातो. ते चहा मागवतात, गाडी कशी आहे विचारतात. त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं, हे सांगायचं ठरवूनच मी प्रत्येक वेळी जातो. मग त्यांना झोपेची वेळ होते, आणि मी उठतो.