सात दिवस फरशीकडे बघत

हे लिहिणारा मी कोण, असं तुम्हाला वाटलं तर ते बरोबरच आहे. त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी डॉक्टर नाही आणि लेखकही नाही. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा आहे, एवढंच. माझ्याहून मोठी दुखणी काढलेले लोक गप्प असतात, हेही मला माहीत आहे. तरीही लिहितोय, कारण मी जे लपवलं ते माझ्या वयाचं कुणीतरी आत्ता लपवत असेल.

डॉक्टर इजिप्शियन होते. त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ दिव्यातून आत पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. म्हणाले, "रेटिनल डिटॅचमेंट. उद्या सकाळी ऑपरेशन."

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पातळ पडदा. आपल्याला दिसतं ते त्याच्यामुळे. माझा पडदा फाटून सुटत चालला होता. मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात आणि ज्याने आपण वाचतो, तो अजून चिकटलेला होता. अजून दोन दिवस थांबला असतास तर तोही गेला असता, असं ते म्हणाले.

बाबा शेजारी बसले होते. आम्ही यूएईत, शारजात राहतो; ते तिथे साइटवर फरश्या बसवतात, आता त्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत. इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं. "काय म्हणतो रे?" त्यांनी विचारलं. माझा आजार मलाच त्यांना समजावून सांगायचा होता. मी म्हणालो, थोडा पडदा सैल झालाय, नीट करतील. बाबांनी माझ्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं .

आता मागचं सांगतो. आमचं कॉलेज दुबई सिलिकॉन ओएसिसला आहे. तिथे मी फ्लॅग फुटबॉल खेळायचो. हा अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण यात कुणाला पाडायचं नसतं. कमरेच्या पट्ट्याला लोंबणारी फीत ओढली की खेळाडू थांबतो. मी वाइड रिसीव्हर होतो. अगदी कडेला उभं राहायचं, जोरात पळायचं आणि पळता पळता मागून येणारा बॉल झेलायचा. टीममध्ये त्याची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघं होतो. मी आणि बिलाल.

बिलालचं घर रत्नागिरीकडचं, राहायला आमच्याच गल्लीत. आम्ही एकाच बसने जायचो आणि ट्रॅफिकमध्ये दीड तास एकमेकांची टर उडवायचो. मैदानात मात्र कोच रोज वहीत लिहायचे, कोणी किती झेलले, कोणी किती सोडले. फायनल अबूधाबीला होती. प्रॅक्टिस चुकवली तर नाव खाली जाणार, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

पहिल्यांदा मला डोळ्यात ठिणग्या दिसल्या. मग काळे ठिपके, चिलटं फिरावीत तसे. त्यांना फ्लोटर्स म्हणतात, हे मला नंतर कळलं. मला वाटलं, उन्हामुळे असेल. चार दिवसांनी कानाच्या बाजूने खालून एक सावली वर यायला लागली. ती डोळे चोळूनही जाईना.

मी नेहमी उजव्या कडेने पळायचो. तिथे बॉल डाव्या खांद्यावरून येतो आणि तो बघायला डावा डोळा लागतो. मी कोचना सांगितलं की माझी मान आखडली आहे, मला डावी कड द्या. डावी कड बिलालची होती. त्यांनी बदलून दिली. तिथे बॉल उजव्या खांद्यावरून यायचा आणि मी तो झेलायचो. आजारी डोळ्याने मी चांगला खेळत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

बिलालला कळलंच. बसथांब्यावर त्याने डावीकडून पाण्याची बाटली माझ्याकडे टाकली. ती सरळ माझ्या कानशिलावर बसली.

"सिद्ध्या, तुला दिसत नाही काय त्या बाजूचं?"

मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, फायनलपर्यंत कुणाला सांगू नकोस. मग मी स्वतःच दवाखान्यात जाईन.  त्याने चार दिवस कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी कोचनी मला बाजूला बोलावलं, उजवा डोळा झाकायला लावला आणि विचारलं, माझी किती बोटं दिसतात. तिथून सरळ हॉस्पिटल.

बिलालनेच सांगितलं होतं. मला वाटलं, याला जागा हवी होती, याने ती घेतली.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून आत गॅस भरतात. त्या गॅसचा बुडबुडा सुटलेला पडदा जागेवर दाबून धरतो. बुडबुडा वर जाणार, आणि पडदा तर डोळ्याच्या मागे. म्हणून माणसाने तोंड जमिनीकडे करून राहायचं. सात दिवस, जेवताना, झोपताना, सगळा वेळ. गॅस आहे तोवर विमान नाही आणि डोंगरावर जाणंही नाही.

हे मी बाबांना समजावत होतो तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे पाणसळीतल्यासारखा. पट्टी वाकडी केली की बुडबुडा पळतो." लादी सपाट आहे का ते ते दिवसभर त्याच पट्टीने बघतात. एवढं एकच मला समजावावं लागलं नाही. घरी आल्यावर त्यांनी प्लायवूड आणि फोमची एक चौकट केली. मध्ये तोंडापुरतं भोक. खाली फक्त फरशी दिसायची.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, नजर परत येईल ना? ते म्हणाले, "इन्शाल्ला." इथे हा शब्द होकाराला वापरतात आणि नकारालाही. मी सात दिवस तो मनात उलटापालटा करत होतो.

त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मानेत कळा येतात. चहा स्ट्रॉने प्यायचा. आई भाकरीचे तुकडे हातात देते. मी जरा मान उचलली की माझी आठ वर्षांची बहीण ओरडायची, "यू आर चीटिंग!" आणि आईला नाव सांगायची. बाबा कामावरून आले की चौकटीखाली डोकं घालून फरशी ठोकून बघायचे आणि म्हणायचे, ही ज्याने बसवली त्याला मी एक दिवस ठेवला नसता.

माणसं मला पायांवरून कळायला लागली. आईची जोडवी. बाबांच्या नखांतलं सिमेंट. आणि संध्याकाळी पाचला, आईच्या चहाबरोबर, बिलालच्या निळ्या चपला.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काय रे, फरश्या मोजतोस? बाबांकडे कामाला लागलास काय?" मी स्ट्रॉने चहा ओढत राहिलो. तरी तो बसला आणि प्रॅक्टिसचं सांगत राहिला. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मी खाली बघतच म्हणालो, "जागा मिळाली ना तुला? मग इथे कशाला येतोस?"

चपला हलल्या नाहीत. तो म्हणाला, "मान वर करू नकोस. तुझी बहीण मला ओरडेल."

पाचव्या दिवशी सांगून गेला, उद्या अबूधाबी, येणार नाही. सातव्या दिवशी आला.

"हरलो," तो म्हणाला.

"तू किती झेलले?"

"एकपण नाही."

मला बरं वाटलं. हे मला लिहायलाच हवं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. पडदा चिकटला होता. गॅस जाईल तशी वरून नजर मोकळी होत येईल, पण किती ते आत्ता सांगता येत नाही. खेळाचं विचारलं तर म्हणाले, "खलास." बाबांनी तो एक शब्द समजून माझ्या पाठीवर हात ठेवला. तुमच्यापैकी कुणाला ठिणग्या दिसत असतील, सावली दिसत असेल, तर त्याच दिवशी जा. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, असं मी तेव्हा समजत होतो.

घरी येताना गाडीत कोचचा फोन आला. त्यांनी डोळ्याची चौकशी केली. मग मी विचारलं की बिलालकडून इतके बॉल कसे सुटले.

ते म्हणाले, बिलाल खेळलाच नाही. "तो मला सांगायला आला, त्याच दिवशी मी त्याला टीमबाहेर बसवलं. चार दिवस माहीत असून गप्प राहिला म्हणून. फर्स्ट इयरचा मुलगा खेळवला." मी विचारलं, तो का गप्प होता ते त्याने सांगितलं नाही का? कोच म्हणाले, विचारलं होतं. माझी चूक झाली, एवढंच म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी खिडकीतून बाहेर बघू शकत होतो, पण सवयीने मान खालीच होती.

फायनलपर्यंत कॉलेजची प्रॅक्टिस रोज पाच वाजता असायची. रोज पाच वाजता तो चपला घालून माझ्या घरी बसलेला असायचा.