खाकी कागदातले पुस्तक

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या शाळेतून एक पुस्तक नाहीसे झाले, तो आठवडा अजून माझ्या मनातून हललेला नाही. आमचे हे महाराष्ट्र पोलिसातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीतल्या केसेस त्यांनी एका वहीत लिहून काढल्या आहेत, कोणाचेही नाव न घालता. ही केस मात्र लिहिली नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ती तू लिही. आरोपीचा जबाब आरोपीच्याच हातचा असलेला बरा."

आरोपी मी होते. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. लिहिताना चुकले तर चुकले, ही वही कोणाला दाखवायची नाही. नावे मीही टाळते.

आम्ही मुलाकडे राहतो. मुलगा वेलिंग्टनला ऑफिसात जातो, सून इस्पितळात नर्स आहे. नात नऊ वर्षांची, पाचवीत. तिच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर हे सकाळ-दुपार नारिंगी जाकीट घालून, हातात थांबा लिहिलेली पाटी धरून उभे राहतात आणि मुलांना रस्ता ओलांडून देतात. पगार नाही, पण एक मिनिट उशीर नाही. ठाण्यातल्या हजेरीची सवय. मुले त्यांना कॅप्टन म्हणतात. दुपारी तीनला मी नातीला आणायला जाते.

इथे आल्यापासून एक गोष्ट मला खुपत होती. नातीच्या दप्तरात डबा असायचा, रेनकोट असायचा आणि गोष्टीचे एक पातळ पुस्तक असायचे. तेही दुसऱ्या दिवशी परत.

"बाळा, तुझी शाळेची पुस्तकं कुठे आहेत?"

"व्हिच बुक्स, आजी?"

"अगं, इतिहास, भूगोल..."

"वी डोन्ट हॅव दॅट. मिस ठेवते ना वर्गात."

पोलीस लाईनमध्ये असताना जूनमध्ये शाळेत पुस्तके वाटली की मी चार दिवस खाकी कागदाची कव्हरे घालत बसायची. माझ्या मुलाच्या पुस्तकांना, आणि मग शेजाऱ्यांच्याही. माझी घडी सुटत नाही, अशी ख्याती होती. पुस्तक नाही, म्हणजे पोरीचे शिक्षण कसे होणार, ही चिंता मी कोणाला बोलले नाही. मी मुळातच कमी बोलते.

एका सोमवारी वारा फार होता म्हणून आम्हा आणायला आलेल्यांना शाळेच्या वाचनालयात बसवले. तिथे एका लांब टेबलावर नवी कोरी पुस्तके मांडली होती. शेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक पेटी. भिंतीवर काहीतरी लिहिले होते, मला अक्षरे लागली, अर्थ लागला नाही. एक बाई आली, पुस्तक चाळले, पिशवीत काहीतरी घातले आणि गेली. मला वाटले, पुस्तके वाटायचा दिवस आहे. आमच्या नगरपालिकेच्या शाळेत असेच टेबल मांडायचे. ऑफिसातल्या बाईंनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली. इथे सगळेच सगळ्यांकडे बघून हसतात, हे मला तेव्हा कळत नव्हते. मी ती परवानगी समजले. सगळ्यात जाड पुस्तक उचलले आणि पदराआड धरून घरी आणले.

दुकानातून किराणा आणतात त्या कागदी पिशव्या जाड खाकी असतात. चार पिशव्या कापल्या. दोन कापताना बिघडल्या, दोन कामी आल्या. कव्हर घातले, वर पांढरी चिठ्ठी चिकटवून मराठीत नातीचे नाव घातले, 'इयत्ता पाचवी' लिहिले आणि घडी बसावी म्हणून पुस्तक गादीखाली ठेवले. दोन दिवसांनी तिच्या हातात द्यायचे, असा बेत.

मंगळवारी जेवताना नात रडायला लागली. तिच्या जिवलग मैत्रिणीचे बाबा तिला शाळेतून काढणार होते. हे गृहस्थ समोआ बेटांवरचे, बस चालवतात. मला बघितले की हात वर करून "किया ओरा, नाना!" म्हणतात. किया ओरा हा इथला माओरी नमस्कार. इथे आजीला नाना म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आमचे हे हसून हसून बसले होते.

"एव्हरीवन सेज हर डॅड... म्हणजे तिच्या डॅडने बुक चोरलं," नात म्हणाली. "टेबलवरचं."

मग यांनी मला सगळे समजावून सांगितले. इथे सरकार एकच पुस्तक ठरवून सगळ्या शाळांना पाठवत नाही. शाळा स्वतः निवडते. शिक्षक आधी चार-सहा बघून ठेवतात, मग या शाळेत ती दोन आठवडे टेबलावर मांडतात. आईबाप येतात, वाचतात, चिठ्ठीवर मत लिहून पेटीत टाकतात. शेवटी पालकांनीच निवडून दिलेले मंडळ बसते आणि घ्यायचे की नाही ते ठरवते. मागच्या आठवड्यात पालकांच्या सभेत बसवाले उभे राहून म्हणाले होते, हे इतिहासाचे पुस्तक मला माझ्या मुलीसाठी नको. आणि नेमके तेच गेले. प्रकाशकाने पाहायला पाठवलेली ती एकच प्रत होती. कोणी तोंडावर बोलले नाही, पण शाळेच्या फाटकाशी कुजबुज सुरू झाली.

ते पुस्तक माझ्या गादीखाली होते. मी उठून ताटे गोळा करायला लागले.

मुख्याध्यापिकाबाई यांना रस्त्यावर चेष्टेने म्हणाल्या होत्या, "कॅप्टन, तुम्ही पोलीस होता ना? शोधा आमचं पुस्तक." त्यांची चेष्टा, पण यांनी मनावर घेतले. बुधवारी टेबलाची पाहणी केली. ऑफिसातल्या बाई, सफाई करणारी मुलगी, वर्गशिक्षक, सगळ्यांशी बोलले. प्रत्येकाला एकच प्रश्न: सोमवारी इथे काय काय बघितलंत? पुस्तकाचे नावही काढायचे नाही. माणसाला चोरी विचारली की तो सावध होतो, दिवस विचारला की सांगत सुटतो, असे ते म्हणतात. दुपारी ते संशयिताच्या बसमध्ये चढले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. बस सुटायला वेळ असतो, तिथे दोघे बोलत बसले.

तपास चालू असताना घरी बोलायचे नाही, हा त्यांचा जुना नियम. त्या दिवशी त्यांनी तो मोडला.

"माणूस खरा आहे," चहा घेताना म्हणाले.

"कशावरून?"

"पुस्तक नेणारा माणूस पुस्तक कसं गेलं असेल त्याच्या दहा गोष्टी सांगतो. हा पुस्तकात काय चुकलंय तेच सांगत बसला. पान नंबरासकट."

तेव्हा तरी मी बोलायला हवे होते. नाही बोलले. भीती कशाची, तर इंग्रजीची. सुनेसमोर खाली बघावे लागेल याची. आणि निरीक्षकाच्या बायकोने चोरी केली असे होईल याची. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी तीन वाजता बसवाले मुलीला घ्यायला आले. हात वर केला नाही. मान खाली घालून मुलीला धरून गेले. माझ्याकडे बघितलेही नाही. मी मात्र त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मी पोळ्यांना बसले. ओला कचरा घालायला हे कागदी पिशवी शोधत होते. खालच्या कपाटात त्यांना पिशव्या सापडल्या नाहीत, पिशव्यांची चार बुडे सापडली. मी ती टाकली नव्हती. कागदाचा तुकडा फेकवत नाही मला. कात्रीने सरळ कापलेली चार चौकोनी बुडे हातात धरून हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. लाईनमधल्या खोलीत दर जूनला त्यांनी माझी ती कात्री चालताना बघितली होती.

काही विचारले नाही. खुर्ची ओढली आणि बसले. ठाण्यात ते असेच करायचे म्हणे. चहा मागवायचा आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचे. मी लाटत राहिले. सहा पोळ्या झाल्या. सातवी फाटली.

"गादीखाली आहे," मी म्हटले.

त्यांनी जाऊन गादी उचलली. पुस्तक घेऊन आले, उलटसुलट केले, चिठ्ठीवरचे नाव वाचले. मला वाटले आता ओरडतील.

"कव्हर झकास बसलंय," म्हणाले. मग पुस्तक टेबलावर ठेवून, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"मंगळवारपासून. पोर रडली तेव्हापासून."

"हं. उद्या जायचं."

"तुम्हीच देऊन या ना, अहो."

"मुद्देमाल मी देईन. जबाब तुझा."

"मला कुठे येतं बोलायला?"

"मराठीत सांग. मी आहे ना भाषांतराला."

शुक्रवारी सकाळी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आम्ही बसलो. बसवाल्यांना त्यांनी बोलावून घेतले होते, तशी माझीच अट होती. ते गणवेशात होते, दारापाशीच उभे राहिले. मी टेबलाकडे बघून सगळे सांगितले. पुस्तके वाटताहेत असे वाटले, नातीसाठी नेले, कव्हर घातले. हे वाक्य-वाक्य इंग्रजीत सांगत होते. सांगता सांगता म्हणाले की पुस्तक हरवले आहे हे कळताच ही स्वतःहून माझ्याकडे आली.

तेवढे इंग्रजी मला कळले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाने जबाबात एक शब्द बदलला नाही, तो माझ्यासाठी बदलत होता.

"अहो, तसं नाही," मी म्हटले. "दोन दिवस मला माहीत होतं. मी गप्प बसले. या बसवाल्यांवर आळ येतोय हे माहीत असून गप्प बसले. ते सांगा."

यांनी माझ्याकडे बघितले. मग सरळ बसून शब्दन् शब्द सांगितला.

बसवाले पुढे आले, खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

"फक्त दोन दिवस?" ते यांना म्हणाले. "माझ्या घरात कोणी दोन दिवसांत चूक कबूल केली तर आम्ही सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावतो. माझ्या भावाने माझी होडी बुडवली, ते सांगायला त्याला सहा वर्षं लागली."

हे हसले, बाई हसल्या. मला अर्थ कळेपर्यंत सगळे हसून झाले होते, म्हणून मी एकटीच शेवटी हसले आणि हसताना रडू आले.

बसवाल्यांनी पुस्तक हातात घेतले. खाकी कडेवरून बोट फिरवले. "नानाने वाचलं का हे?"

मी म्हटले, इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्रे सगळी बघितली. आणि जे मनात होते ते बोलून गेले. या पुस्तकात जहाजातून आलेल्या गोऱ्या लोकांना चेहरे आहेत. माओरी लोकांना चेहरे आहेत. मेंढ्यांनासुद्धा आहेत. एका पानावर कारखान्याच्या दारात काळ्या केसांची माणसे उभी आहेत, ती सगळी पाठमोरी आहेत. मी नातीला हे देणार होते, तेव्हा आमच्यासारखे कोणी आहे का तेही शोधले. पाठमोरेही नाही.

यांनी भाषांतर केले. बसवाल्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे बघितले आणि ते पान उघडून समोर ठेवले. सभेत ते जे सांगायला उठले होते ते हेच होते. कारखान्यातल्या तशाच माणसांत त्यांचे वडील होते.

बाईंनी टेबलावरचीच एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "तुमच्या भाषेत लिहा. आम्ही वाचून घेऊ."

मी लिहिले: 'इथे काम करणाऱ्या माणसांची तोंडे दिसू द्या.' खाली सही केली. माझी सही रेशनकार्डानंतर कोणी मागितली नव्हती.

बाईंनी त्याच दिवशी सगळ्या पालकांना पत्र पाठवले: पुस्तक गैरसमजातून घरी गेले होते, परत आले आहे, आणि ज्यांच्याविषयी नको ते बोलले गेले त्यांची शाळा माफी मागते. माझे नाव घातले नाही. टेबल पुन्हा पूर्ण दोन आठवडे मांडले. मंडळाने ते पुस्तक घेतले नाही, दुसरा संच मागवला. माझ्या एका चिठ्ठीने झाले असे मी म्हणणार नाही, पेटीत बऱ्याच होत्या. पण माझीही होती. बसवाल्यांची पोर शाळेतच राहिली. नातीला खाकी कव्हरचे पुस्तक मिळाले नाही, तिने कव्हरवरची नावाची चिठ्ठी मात्र सोलून घेतली आणि डब्यावर चिकटवली.

नवा संच आला तेव्हा शाळेने मला निरोप पाठवला. इथे वाचनालयाच्या पुस्तकांना पारदर्शक प्लास्टिक लावतात. ते खाकी कागदासारखे ऐकत नाही, बुडबुडे येतात. दर मंगळवारी मी त्याच टेबलावर बसते. बसवाल्यांना सुटी असली की तेही येतात आणि कापून देतात. त्यांची कात्री वाकडी चालते, मी गप्प राहून सरळ करून घेते.

पोलिसाच्या घरात जन्म गेला, तरी खरे बोलायला काय लागते ते मला या केसने शिकवले. समोरच्याला थोडा वेळ वाट बघावी लागते. यांनी सहा पोळ्यांइतकी वाट बघितली. त्या बसवाल्यांनी माझे दोन दिवस हसण्यावारी नेले. बाईंनी मला चोर न म्हणता चिठ्ठी दिली. या तिघांचे माझ्यावर उपकार आहेत.

आता बसवाल्यांची पाळी असली की दुपारी तीनला शाळेसमोर त्यांची बस येते. हे पाटी वर करून तिला थांबवतात. काचेमागून हात वर होतो. "किया ओरा, नाना!"

पूर्वी मी नुसती मान हलवायची. आता रस्त्याच्या या बाजूने ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी उत्तर देते.