जपानी उमाचं सासर

मला जपानी येतं, अशी टूवूंबातल्या आमच्या घरात काही आठवडे समजूत होती.

समजूत अगदीच हवेतली नव्हती. पुण्यात असताना आमच्या कंपनीला एक जपानी क्लायंट मिळाला आणि आम्हा सगळ्यांना सक्तीने क्लासला बसवण्यात आलं. सगळ्यात खालची परीक्षा मी काठावर पास झालो. पुढे क्लायंट गेला, मी ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आलो, आणि डोक्यात उरलं ते येणे, जाणे, घर, आई, बाबा आणि 'टॉयलेट कुठे आहे?' एवढंच. (हे शेवटचं मी अस्खलित विचारतो. उत्तर कळत नाही, ही गोष्ट वेगळी.)

त्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. उमाताई. निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्याबद्दल त्यांचं मत लग्नापासून एकच होतं, 'मुलगा बरा आहे.' यातल्या 'बरा'वर त्या असा जोर द्यायच्या की ऐकणाऱ्याला प्रगतिपुस्तकातला लाल शेरा दिसावा. टूवूंबात गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि त्यांना गाडी येत नाही. माझी बायको मेधा हॉस्पिटलला, आमची मुलगी इरा शाळेत, मी आतल्या खोलीत मीटिंगांमध्ये. सासूबाई आणि टीव्ही दिवसभर एकमेकांच्या ताब्यात.

एकदा पुरणपोळीचा व्हिडिओ बघता बघता त्यांच्याकडून रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि समोर एक जपानी जाहिरात सुरू झाली. तिथल्या कुठल्याशा मोबाईल कंपनीची. समुद्राकाठचं गाव, लहानसं घर, म्हातारे आईबाबा. फोन वाजतो. आई धावत येते. दूर कुठल्यातरी डोंगरातून मुलगा बोलतो. दोघांचे डोळे चमकतात, बाबा काहीतरी विचारणार इतक्यात कंपनीची धून वाजते आणि खेळ खलास! अर्ध्या मिनिटात!

"अहो जावईबापू!" बाहेरून हाक आली. "हे पुढे काय झालं?"

पुढे काय झालं ते पुढच्या जाहिरातीत होतं. कारण ही मालिकाच होती. दर थोड्या दिवसांनी नवा तुकडा, आणि प्रत्येक तुकडा नेमका नको तिथे तुटलेला. आपल्याकडच्या मालिकेत सून दचकून मागे वळेपर्यंत आठवडा जातो. इथे अर्ध्या मिनिटात फोन, आनंद, काळजी, भांडण आणि रहस्य! शिवाय लांबच्या मुलाचा फोन वाजल्यावर धावत येणारी आई. ती सासूबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्यात त्या तशाच धावायच्या.

"तुम्हाला जपानी येतं ना? सांगा बघू तो काय म्हणतोय."

मी कान दिला. मुलगा म्हणत होता, 'उमा ओ त्सुरेते काएरु.' त्सुरेते काएरु म्हणजे घेऊन घरी येतो. आणि उमा?

"आई!" मी ओरडलोच. "तो उमाला घेऊन घरी येतोय! सून आणतोय! आणि सुनेचं नाव तुमचंच!"

सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं त्यांनी लग्नात अक्षता टाकतानाही पाहिलं नव्हतं. "हुशार आहात हो," त्या म्हणाल्या. बरा नाही. हुशार! मी मीटिंगला अर्धा तास उशिरा गेलो आणि मला काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून रोज चारच्या चहाला जपानी उमाचा विषय. गंमत म्हणजे उमा अजून पडद्यावर आलीच नव्हती. तिच्याबद्दल फक्त फोनवर बोलणं; न कळलेले शब्द मी हातवाऱ्यांवरून जुळवायचो. एका भागात ती पुलावर अडून बसली.

"मानी आहे पोरगी," सासूबाई म्हणाल्या. "उमा नावाच्या बायका असतातच."

दुसऱ्या भागात बाबांनी फोनवर पायांबद्दल विचारलं. मुलगा म्हणाला, पाय फार चांगले आहेत.

"पायगुण!" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, त्यांच्यातही पायगुण मानतात."

तिसऱ्या भागात बाबांनी स्वतःचे दात वाजवून दाखवले आणि उमाचे कसे आहेत ते विचारलं. इथे मात्र सासूबाई भडकल्या. "मला बघायला आले तेव्हा चालून दाखवायला लावलं होतं. हे तर दात मोजतायत!"

पडद्यावर सासरची तयारी जोरात. आईने टोपलीभर गाजरं आणली. ("गाजर हलवा," मी म्हणालो.) बाबांनी हातभर लांबीचा ब्रश विकत घेतला. ("केस लांब असणार," मेधा म्हणाली. तीही ओढली गेली होती.) फक्त इरा म्हणायची, "आजी, इट्स लिटरली ॲन ॲड फॉर फोन्स!" पण दहा वर्षांच्या पोरीला कथेतलं काय कळतंय?

आणि मग तो भाग आला. बाबांनी घरामागचा गोठा साफ केला, खाली पेंढा पसरला, पाण्याची बादली ठेवली आणि समाधानाने म्हणाले, 'उमाचं घर.'

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "गोठ्यात? सुनेला?"

"त्यांची काही पद्धत असेल, आई..."

"पद्धत गेली खड्ड्यात! पेंढ्यावर निजवणार माझ्या उमाला?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. वर पुण्यातल्या आपल्या आठ मैत्रिणींना फोन करून ही बातमी कळवली. तिकडे आठही जणी जपानवर संतापल्या.

मेधाच्या लॅबमधली हारुका शनिवारी जेवायला येणार, हे मला शुक्रवारी कळलं. खरीखुरी जपानी बाई! तिने दोन वाक्यं बोलून बघितली की माझी 'हुशार'वरची बढती तिथल्या तिथे रद्द.

हारुका आली, वाकली, पुरणपोळीला "सो गुड!" म्हणाली. मी तोंडात सतत घास ठेवला होता, म्हणजे जपानी बोलावं लागू नये.

"आय ॲम उमा," सासूबाई म्हणाल्या.

हारुकाचा घास थांबला. "उमा?"

"येस. सेम नेम. लाइक युवर गर्ल." आणि मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात, "टेल मी वन थिंग. इन जपान, यू कीप डॉटर-इन-लॉ इन काउशेड?"

"...सॉरी?"

"माय सन-इन-लॉ ट्रान्सलेटेड!" म्हणत सासूबाईंनी पुरावा म्हणून टीव्हीच लावला. पूल, पाय, दात, गाजरं, ब्रश, गोठा, सगळे भाग ओळीने. हारुका बघत होती. आधी तिचा हात तोंडावर गेला. मग खांदे हलायला लागले. मग ती उठून उभी राहिली आणि सासूबाईंपुढे कमरेत वाकली.

"आय ॲम सो सॉरी. उमा इज... उमा इज हॉर्स."



"सो आजीज नेम मीन्स हॉर्स?" इराने आनंदाने विचारलं. मेधाने तिच्या तोंडात पोळी कोंबली.

"घोडा," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे पायगुण...?"

"खूर," मी म्हणालो.

"आणि दात?"

"घोड्याचं वय दातांवरून बघतात, आई."

मला खरोखर वाईट वाटलं. घोड्याचं नाही. या घरात दिवसभर एकट्या बसणाऱ्या बाईंनी परक्या देशातल्या एका मुलीवर जीव पाखडला होता, तिच्यासाठी उपाशी राहिल्या होत्या, आणि ती मुलगी मी माझ्या अर्ध्या कच्च्या जपानीतून जन्माला घातली होती. शिवाय पुण्यात आठ बायका तिच्या गृहप्रवेशाची वाट बघत होत्या. त्यांना आता कोण सांगणार?

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. लाल शेरा मला स्पष्ट दिसला. मी मेधाकडे झुकून कुजबुजलो, "प्रसंग बाका आहे गं."

हारुका एकदम दचकली. "नो, नो!" ती दोन्ही हात हलवायला लागली. "नॉट बाका! प्लीज, डोन्ट से बाका! यू ट्राइड युवर बेस्ट!"

"व्हॉट इज बाका?" सासूबाईंनी विचारलं.

हारुकाने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "इट मीन्स... अ व्हेरी फूलिश पर्सन."

सासूबाईंनी तुपाची वाटी उचलली. माझ्या पोळीवर चमचाभर तूप सोडलं आणि बऱ्याच वेळाने पहिल्यांदाच हसल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही बोललात त्यातला हा एक जपानी शब्द मात्र अगदी योग्य जागी वापरलात."