रुखवतातला काळा रुपया

नांदेडहून घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता त्यांना जे आवडतं ते करू द्या. आणि माझ्या बायकोला काय आवडावं? घरातली चिल्लर काळी करायला! पोरीचं लग्न ठरलेलं, आणि रुखवतात तिला जुन्या नाण्यांनी भरलेला धनाचा हंडा मांडायचा होता. आमच्या सोनपेठच्या घरात जुनी नाणी कुठून यायची? मग आजकालच्याच रुपयांना म्हातारं करायचं तिनं मनावर घेतलं.

आधी बुटाचं पॉलिश लावलं, ते बोटाला यायचं. मोबाईलवर बघून व्हिनेगर-मीठ केलं, तर पाचाचं पिवळं नाणं हिरवट झालं, रुपया मात्र लखलखीतच. मी वैतागलो. "आगं, सरकारी नाणं हाय ते. धरून नेतील. पड जरा निवांत."

"नेऊ द्या की. तितं तुमची कटकट तरी नसंल," ती म्हणाली.

शेवटी तिला तवा सुचला. तवा कसा तेल पिऊन पिऊन काळा होतो, तसं. सांडशीत रुपया धरून गॅसवर चांगला तापवायचा, त्याला जवसाचं तेल लावायचं, पुन्हा तापवायचा. घरभर धूर, आणि तिला खोकल्याची उबळ. सांडशी हिसकावून घ्यावी असं लय वाटायचं. पण रंग धरला की ती हसायची, आणि दुसऱ्या कशानं ती आता हसत नव्हती, म्हणून मी नुसती खिडकी उघडून द्यायचो. प्रत्येक रुपया ती चिंचेनं घासून बघायची.

"रुखवत बघायला आलेल्या बायका हात लावून बघतेत. काळं निघालं तर पोरीला हसतील. माझ्या माघारी तिला कुणी हसाय नको."

हंडा भरला. डब्यातला, माझ्या शर्टाच्या खिशातला, घरातला एकूण एक रुपया त्यात गेला. लग्नाला ती राहिली नाही.

आमच्यात सवाष्ण गेली की कपाळाला रुपया लावतात. तो घरचाच लागतो, शेजाऱ्याचा चालत नाही. माझ्या चुलतीनं रुपया मागितला तशी पोरगी उठली आणि हंड्यातून एक घेऊन आली.

"आगं बाई! सवाष्णीच्या कपाळाला असला काळाकुट्ट?" चुलती कळवळली. चिंच आणि राख घेऊन ती न्हाणीत घासायला बसली. बाहेर तिरडी बांधून झाली होती, माणसं खोळंबली होती. चुलतीचे हात लाल झाले, रुपया तसाच. मला तर भिंतीवर डोकं आपटून घ्यावं वाटत होतं.

पोरगी तिच्याजवळ जाऊन बसली. "आजी, ऱ्हाऊ द्या. न्हाई निघायचा. आईनं घासून बघितलाय."

मग मीच तो पुसला आणि बायकोच्या कपाळाला लावला.