दुसरी वही

कोल्हारच्या स्टँडसमोर सहादेव खर्डे याचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडाटा. वय पन्नास, बोलणं कमी. त्याला लिहायची हौस होती, पण ती त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

पंधरा वर्षांपूर्वी बेलापूरच्या लंकाबाई त्याच्याकडे एक वही घेऊन आल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. वहीत त्यांनी लिहिलेली गोष्ट होती. नदीकाठी रोज दुपारी एक ओलं लुगडं वाळत पडलेलं दिसतं. ते कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. जो त्याची घडी घालतो, त्याच्या घरातलं एक माणूस सगळ्यांच्या आठवणीतून पुसलं जातं. ताट एक कमी वाढलं जातं आणि कुणाला काही वाटत नाही. एक विधवा बाई अशी घडी घालते, तिथे वही संपली होती.

सहादेवने ती टाइप केली. वही परत नेताना लंकाबाई म्हणाल्या, "दुसरी वही घरी हाय. पुढच्या बाजाराला आणते." त्या आल्याच नाहीत. महिन्याभराने त्या वारल्याचं कळलं. पुढे सहादेवचा जुना कॉम्प्युटर बिघडला आणि टाइप केलेली पानंही गेली. लुगडं मात्र डोक्यातून गेलं नाही.

गेल्या वर्षी त्याने ठरवलं, त्यावर कादंबरी लिहायची. पण मन खात होतं. म्हणून तो नगरला कोर्टात ओळखीच्या वकील रेश्मा यांना भेटला.

"नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते," रेश्मा म्हणाल्या. "तुमची माणसं, तुमचे प्रसंग, तुमचे शब्द घेऊन खुशाल लिहा. पण बाईंची वाक्यं, पात्रं, प्रसंगांची गुंफण उचलली, तर ते उल्लंघन. छापलेलं नसलं तरी. आणि माणूस गेलं म्हणून हक्क जात नाही. तो वारसांकडे जातो, साठ वर्षं तरी."

"मला त्यातलं एकबी वाक्य आठवत न्हाई."

"मग चांगलंय. तरी छापण्याआधी वारसांना भेटा."

सहादेवने विधवेला काढून टाकलं. तिच्या जागी भीमा नावाचा सरकारी मोजणीदार आणला. साखळी टाकून नदीपात्राची मोजणी करायला आलेला, परगावचा. दुपारी गिऱ्हाईक नसताना तो लिहायला बसायचा. एरवी एका अर्जाला तीनदा खोडणारा हा माणूस, आता त्याची बोटं थांबत नव्हती. एके दिवशी त्याने लिहिलं, 'उन्हाने वाळू निर्जंतुक झाली होती.' तो वाक्याकडे बघत राहिला. हा शब्द त्याने आयुष्यात वापरला नव्हता. खोडायला बोट उचललं, पण खोडवेना. दुकानात कुणीतरी मागे उभं राहून वाचतंय असं वाटून त्याने वळून पाहिलं. रिकामी खुर्ची. बाहेर रस्त्यावर ऊन.

ऐंशी पानं झाल्यावर तो बेलापूरला गेला. लंकाबाईंचा मुलगाही आता नव्हता, वारस म्हणून नात निकिता एकटीच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आतून दोन वह्या आणल्या. "दुसरी फडक्यात शिवून पेटीत ठेवली होती आजीने. टाके मीच उसवले, या दिवाळीला."

सहादेवने दुसरी वही उघडली. पहिल्याच पानावर गावात एक मोजणीदार येत होता. त्याचं नाव भीमा.

त्याने पिशवीतून आपली पानं काढली आणि निकिताच्या हातात दिली. "तुमी वाचा. मी वही वाचतो."

ओसरीवर बसून तो वाचू लागला. 'साखळी नदीत पडली आणि नदी एका कडीनं लांब झाली.' त्याच क्षणी निकिताने तेच वाक्य त्याच्या पानावरून मोठ्याने वाचलं.  नर्सबाईंच्या नीट, उभ्या अक्षरात पुढे लिहिलेलं होतं, 'उन्हाने वाळू निर्जंतुक झाली होती.'

"तुम्ही ही वही कधी पाहिली?"

"आईशप्पथ, न्हाई."

निकिता उठली. बाहेर कुणी उभं असल्यासारखं तिने ओसरीचं दार लावून घेतलं. आत दुपारीच अंधारलं.

सहादेवने तिथूनच रेश्मांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वही पाहिली नव्हती हा बचाव होऊ शकतो. पण पहिली वही तुम्हीच टाइप केली होती. शब्द सारखे कसे, याचं काय उत्तर देणार?"

"कसं बी असंल. पन हे माझं न्हाई, एवढं कळतंय."

रेश्मांनी मग करारपत्र केलं. पुस्तकावर आधी लंकाबाईंचं नाव, खाली सहादेवचं. निकिताने सही केली, पण एक सांगितलं, "वही अर्धवट आहे. शेवटची नऊ पानं कोरी आहेत. शेवट तुम्हीच लिहा."

त्या शेवटाला चार महिने लागले. आता बोटं अडत होती. एक ओळ यायची, दोन खोडायच्या. सहादेव प्रत्येक वाक्य लिहून वाट बघायचा, कुणी पुढचं सांगतंय का. कुणी सांगत नव्हतं. ती शांतता सुरुवातीला आधीपेक्षाही भयंकर वाटली. भीमा अखेर लुगड्याची घडी उलगडतो आणि नदीत सोडून देतो, एवढंच त्याला सुचलं.

पानं घेऊन तो पुन्हा बेलापूरला गेला. निकिताने उभ्यानेच वाचली. वाचून झाल्यावर थोडं संकोचून म्हणाली, "राग मानू नका. शेवट आजीसारखा नाही जमला तुम्हाला. जरा ओबडधोबड वाटतोय."

सहादेव पायरीवर बसला आणि त्याला रडू आलं. निकिता घाबरून पाणी आणायला धावली. "बोलले ते चुकलं का माझं?"

"न्हाई बाई," तो डोळे पुसत म्हणाला. "लई बरं बोललीस. म्हंजे एवढं तरी माझं हाय."